गुलाबी चिठ्ठीवरचं नाव

ओलिंदा बेरिएल, मानानं सगळ्यांची ‘दोन्या’ ओलिंदा, आमच्या सेर्रो वस्तीत शाळकरी पोरांचे पांढरे अंगरखे शिवायची. घरात एकटीच. भाऊ वाल्टेर मांसाच्या कारखान्यात कामाला होता. शहात्तर साली लष्करानं उचलला, तो अजून परतला नाही. मुलगा फाबियान स्पेनला गवंडीकाम करतो, रविवारी फोन करतो. बाकी दिवस ती आणि मशीन.

दोन हजार नऊच्या ऑक्टोबरात सगळ्या उरुग्वेला सार्वमतात दोन प्रश्न विचारले. लष्करवाल्यांना माफी देणारा कायदा रद्द करायचा का? त्याची चिठ्ठी गुलाबी. परदेशातल्या आपल्या माणसांना टपालानं मत देता यावं का? त्याची पांढरी. ‘नाही’ची चिठ्ठीच नव्हती, पाकिटात टाकली नाही की झालं ‘नाही’. म्हणजे विसरभोळे, आळशी, सगळे आम्हा ‘हो’वाल्यांच्या विरोधात. हे ऐकूनच माझं डोकं फिरलं होतं.

मी वस्तीत दारोदार चिठ्ठ्या वाटल्या, दोन्या ओलिंदाच्या स्वयंपाकघरात बसून तीनदा समजावलं. ती म्हणाली, सहावीत शाळा सोडलेला तू, मला शिकवतोस? मी म्हटलं, निदान दोन्ही टाका. एक भावाची, एक पोराची.

मतदानाच्या रविवारी शाळेत मतमोजणीला मी आमच्या बाजूनं बसलो होतो. केंद्रप्रमुखानं एक गुलाबी चिठ्ठी उलगडली आणि थांबला. निळ्या शाईत, शिवणाच्या मापांसारख्या तिरक्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं. त्यानं मोठ्यानं वाचलं : वाल्टेर बेरिएल.

मग बाद. चिठ्ठीवर काही लिहायचं नाही, असा नियम. मी उठून भांडलो, टेबलावर हात आपटला. समोरच्या पक्षाची बाईसुद्धा खाली बघत होती. पण नियम नियमच, आणि तो मीच तिला सांगितला नव्हता. तीनदा सगळं सांगितलं, तेवढं सोडून.

दोन्ही प्रस्ताव पडले. गुलाबी थोडक्यात, पांढरा चांगलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे गेलो तर रेडिओ बंद, मशीन बंद. तिनं ‘माते’चा, आमच्या कडू चहाचा, पेला माझ्यापुढे सरकवला.

“चिठ्ठ्या सगळ्या सारख्याच होत्या रे,” ती म्हणाली. “माझी कुणासाठी, ते त्यांना कळायला नको? म्हणून नाव घातलं. वाचलं का कुणी?”

“प्रमुखानं. मोठ्यानं.”

“आडनावासकट?”

“आडनावासकट.”

तिनं मान हलवली. तिथंच थांबलो असतो तर चाललं असतं. पण तेहेतीस वर्षं सगळे तिच्याशी खोटंच बोलले होते, त्यांच्यात मला बसायचं नव्हतं. सांगितलं, दोन्या ओलिंदा, ती बाद झाली. चूक माझी.

बराच वेळ ती सुईत दोरा ओवत राहिली.

“पांढरी?”

“ती मोजली.”

“मग फाबियानला तेवढंच सांगेन,” ती म्हणाली. “दुसरीचं नको. तो तिकडे एकटा असतो.”