बंपरला वाकळीचे टाके

माझ्या थोरल्या साडूंच्या घरात एकदा बिघडलेली वस्तू पुन्हा कधी पूर्ण दुरुस्त होत नाही आणि कधी पूर्ण बंदही पडत नाही. या दोन अवस्थांच्या मधे ती वर्षानुवर्षं नांदते आणि घरातली माणसं तिच्या सवयींप्रमाणे आपल्या सवयी बदलून घेतात. भिंतीवरचं घड्याळ डावीकडे कललेलं असेल तरच चालतं. म्हणून ते कललेलंच असतं आणि वेळ बघणारा माणूस मान तिरकी करून बघतो. छताचा पंखा त्यांनी उघडून पुन्हा जोडला, तेव्हापासून तो वारा वर फेकतो. "गरम हवा वर असती. तिला आधी हाकलायला नको का?" असं ते पाहुण्याला विचारतात आणि घामाने भिजलेला पाहुणा हो म्हणतो. चष्म्याची एक काडी सायकलच्या तारेची आहे. केस ते स्वतःचे स्वतः कापतात, आणि आरशात डावं-उजवं उलटं दिसतं ही गोष्ट, आयुष्यभर गणित शिकवलेलं असूनही, दर वेळी अर्धं डोकं झाल्यावर त्यांच्या लक्षात येते.

नेकनूर सोडून पुढे आलं की रस्त्यालगतच्या एका लहान गावात त्यांचं घर आहे. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले तरी गाव त्यांना गुरुजीच म्हणतं. दुरुस्तीसाठी कोणतीही वस्तू उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा नियम. गॅरेजवर त्यांचा विशेष राग. "गॅरेजला गाडी देणं म्हणजे दवाखाना न्हाई पाव्हणं, देहदान हाय," ते मला म्हणाले होते. "परत काय येईल ते आपलं."

त्यांची गाडी म्हणजे एक जुनी, पांढरी, लहान मोटार. ती फक्त तेच चालवत. मागच्या वर्षी अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदूने उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ नेली आहे, डावा सांभाळायचा आहे आणि यापुढे गाडी चालवायची नाही. घरी दुरुस्त करता येणार नाही अशी वस्तू साडूंना आयुष्यात पहिल्यांदाच भेटली. आठ दिवस गेले. मुलगा पुण्याला नोकरीला. पुतण्या गाडी न्यायला टपलेला. तो दर रविवारी येऊन चाकांना पायाने दाबून बघायचा. नवव्या दिवशी साडूंनी जाहीर केलं की आक्का गाडी शिकणार. आक्का म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण, वय चोपन्न. आक्काला परवाना मिळाला तर गाडी घरात राहणार, नाही तर दसऱ्याला पुतण्याकडे जाणार, असं ठरलं. गाडी गेली की साडूंचं घराबाहेर पडणं दिवसातून दोनदा येणाऱ्या बसवर अवलंबून राहणार होतं, आणि ती बस दोनदा येतेच असं नाही.

आक्का शिकली, आणि बरी शिकली. कच्चा परवाना झाला, बीडच्या पक्क्या परीक्षेची तारीख मिळाली. परीक्षेला तीन आठवडे असताना एका दुपारी शेतरस्त्यावरून परत येताना अंगणात तिचा पाय ब्रेकऐवजी दुसरीकडे पडला आणि गाडी पाण्याच्या हौदावर गेली. हा हौद साडूंनी स्वतः बांधलेला. सिमेंटचं प्रमाण त्यांनी गणिताने काढलं होतं आणि मग मनाच्या समाधानासाठी दुप्पट केलं होतं. बंपर मधोमध फाटला, जाळी तुटली, डावा दिवा फुटला, बॉनेट तंबूसारखं वर आलं आणि रेडिएटरसमोरची आडवी लोखंडी पट्टी आत वाकली. रेडिएटर तेवढा वाचला. साडू धावत आले. आक्काला काही लागलं नाही याची खात्री करून त्यांनी पहिल्यांदा गाडी बघितली नाही, हौद बघितला. "एक खरचटा न्हाई," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं की अभिमान, हे तिथे उभ्या असलेल्या माझ्या बायकोलाही सांगता आलं नाही.

आक्काने किल्ली काढली, आत गेली, किल्ली देव्हाऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "आता मी चाकाला हात लावणार न्हाई. देवासमोर सांगते."

गावात साडूंनी गाडी आपणच ठोकल्याचं सांगितलं. गावाने लगेच विश्वास ठेवला. "गुरुजीची नजर गेली बगा, सोताचा हौद दिसंना," असं पारावर चार दिवस चाललं. ते साडूंच्या कानावर येत होतं आणि ते मान हलवत होते. मी बीडहून गेलो तेव्हा त्यांनी मला हौदामागे नेऊन हळू आवाजात सगळा विचार सांगितला. "गॅरेजवाला बॉनेट बगून इचारणार, कुणी ठोकली. मग हिला लाज. आन गाडी तिकडं महिनाभर पडून ऱ्हायली की हिची भीती पक्की. त्यापरीस हितं तिच्या डोळ्यादेखत नीट झाली पायजे. तारखेच्या आत." त्यांच्या दुरुस्त्यांचा इतिहास मला माहीत होता. घरात आल्यावर मी घड्याळाकडे बघितलं. अर्थात मान तिरकी करून.

पहिलं काम आडवी पट्टी बाहेर ओढण्याचं. पद्धत ते मोबाइलवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ बघून शिकले होते: पट्टीला साखळी बांधायची, साखळीचं दुसरं टोक एखाद्या न हलणाऱ्या वस्तूला, आणि गाडी हळूच मागे घ्यायची. अंगणात कडुनिंब होता, पण साडूंनी नकार दिला. "झाडाची साल जाती." हौद गाडीच्या रेषेत येत नव्हता. मग त्यांची नजर कुंपणाबाहेरच्या फलकावर गेली. आमच्या भागातल्या एका नेत्यांच्या वाढदिवसाचा तो फलक वाढदिवस होऊन गेला तरी उभा होता. त्याचे दोन्ही लोखंडी खांब कार्यकर्त्यांनी कमरेइतका खड्डा घेऊन काँक्रीटमध्ये रोवले होते. त्याच वर्षी बांधलेली गावची पाण्याची टाकी एका बाजूला कलली होती. फलक मात्र तसूभर हलला नव्हता. साडूंनी खांब हाताने हलवून बघितला. "गावातलं सगळ्यात पक्कं काम हेच हाय," ते म्हणाले. साखळी तिथे बांधली गेली.

"पण डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलंय," मी म्हणालो.

"डॉक्टरनं पुढं जायची बंदी केलीय. मागं यायची न्हाई."

पहिल्या झटक्याला साखळी ताणली गेली. दुसऱ्याला पट्टी कडाडून बाहेर आली आणि जवळजवळ सरळ झाली. इथे थांबायला हवं होतं. पण साडूंनी हयातभर मुलांना उत्तर आल्यावर पडताळा करायला लावला होता. तिसरा झटका त्यांनी पडताळा म्हणून दिला. काँक्रीट जागचं हललं नाही. खांब मात्र मधोमध वाकला आणि इतके दिवस रस्त्याकडे बघून हसणारे नेते साडूंच्या अंगणाच्या दिशेने कमरेत वाकले. एका मतदारापुढे ते इतके वाकल्याचं गावाने यापूर्वी पाहिलेलं नव्हतं.

तासाभरात विरोधी गटाची माणसं शाल आणि नारळ घेऊन आली. साडूंच्या खांद्यावर शाल टाकून त्यांचा पुढारी म्हणाला, "गुरुजी, आमाला दोन निवडणुकांत जमलं न्हाई ते तुमी रिव्हर्स गिअरात केलं." साडूंनी खुलासा केला की हे राजकारण नाही, डेंटिंग आहे. "आमी तेच म्हणतोय," पुढारी म्हणाला.

त्यानंतर नेत्यांचे चार कार्यकर्ते आले. चिडलेले होते, पण चौघांपैकी तिघं साडूंच्या हाताखाली शिकलेले.

"कावून केलं गुरुजी असं? सायबाचं तोंड वाकडं झालंय!"

"तोंड न्हाई रे, खांब. तोंड पयल्यापासून तसंच हाय."

चौथा, जो दुसऱ्या गावचा होता, पुढे सरकला. "काय बोलता बे तुमी?" त्याला उरलेल्या तिघांनी मागे ओढलं. साडू शांतपणे म्हणाले, "असं करू, खांब मी दुरुस्त करून देतो." हे ऐकून तिघांचे चेहरे पडले. शाळेची घंटा एकदा साडूंनी दुरुस्त केली होती. तिच्या आवाजावरून नंतर कुणी शाळा सुटल्याचं मानत नसे. "न्हाई न्हाई, तुमी हात लावू नका गुरुजी," ते एका सुरात म्हणाले. त्यांनी स्वतःच फलक उतरवला, आणि उतरवलेलं कापड साडूंनी मागून घेतलं. रंग वाळेपर्यंत बॉनेट झाकायला त्यांना तेवढंच रुंद काहीतरी हवं होतं. पुढे चार दिवस नेते दोन्ही हात जोडून आमच्या गाडीवर पडून होते. या रस्त्यावरच्या कुटुंबाला त्यांचा झालेला तो पहिला प्रत्यक्ष उपयोग.

हे सगळं आक्का स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. शालीच्या वेळी ती हसली असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. मी ते पाहिलेलं नाही. अंगणात ती येत नव्हती. देव्हाऱ्यातल्या किल्लीला ती रोज पूजेच्या वेळी फुलांबरोबर हळद-कुंकूही वाहत होती, आणि साडूंना त्याचीच धास्ती होती. "किल्लीचा देव झाला की संपलं," ते म्हणाले. "देवाला कोण वापरतंय?"

बॉनेट त्यांनी लाकडी हातोडीने आतून ठोकलं. उरलेले खड्डे लांबीने, म्हणजे पत्र्यावर थापायच्या लगद्याने, बुजवले आणि तीन दिवस घासले. रंग पांढराच आणला, पण पांढऱ्यातही प्रकार असतात हे डबा संपल्यावर कळलं. बॉनेट बाकीच्या गाडीपेक्षा थोडं दुधाळ झालं. दिवा बीडच्या भंगार बाजारातून आला. राहिला बंपर. फाटलेल्या प्लॅस्टिकच्या दोन्ही कडांना तापल्या सळईने भोकं पाडून त्या तारेने शिवायच्या, असं त्या परदेशी माणसाने दाखवलं होतं. भोकं मी पाडली. शिवायला साडू बसले. परीक्षेला चार दिवस राहिले होते.

सळईची भोकं बारीक, तार काळी, बंपर काळा. साडू तारेचं टोक भोकाजवळ नेत आणि ते भोकाशेजारी टेकत. डावा डोळा जवळ न्यायचा म्हणून त्यांनी मान वळवली की हात हलायचा. पाच टाके त्यांनी घातले. ते पाच दिशांना गेले. मी मदत करू का विचारलं तर म्हणाले, "तुमाला शिवण येती का?" येत नव्हती. सहाव्या टाक्याला तार बोटात गेली.  बोट तोंडात धरून ते बसून राहिले.

आक्का बाहेर आली. ओले हात पदराला पुसत तिने बंपरकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"हे काय शिवलंय? अशी वाकळ शिवली असती तर सासूबाईनं घराबाहेर काढलं असतं मला."

"मग दाखव की कशी शिवत्यात."

"सरका तिकडं."

तिने पाचही टाके उसवले. जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवण्यात त्या गावात तिचा हात धरणारं कुणी नाही. मांडी घालून तिने बंपर पुढ्यात ओढला, दाभण मागितलं, आणि वाकळीला घालतात तसे सारख्या लांबीचे, एका रेषेत, कडेला दोन दोन वेळा वळवून टाके घालत गेली. दुपारपासून चहापर्यंत ती गाडीला पाठ टेकून बसली होती. आपण कशाला टेकलो आहोत हे तिच्या लक्षात आलं असावं, पण ती उठली नाही. टाके मी मोजले: त्रेचाळीस.

बंपर चढवल्यावर साडूंनी बॉनेटचं कुलूप चाळीस वेळा लावून आणि ओढून बघितलं. ते पक्कं बसत होतं. त्यांची ही एकच दुरुस्ती मला खोट काढण्यासारखी वाटली नाही. मग बॉनेट आणि दिवे यांच्यामधल्या फटीवर ते बोट फिरवत राहिले. डावीकडे फट एक बोट होती, उजवीकडे अडीच. त्यांनी आक्काला विचारलं, "दोन्ही बाजू सारख्या हायेत का गं?"

आक्काने वाकून बघितलं, दोन्ही बाजूंना, नीट वेळ घेऊन.

"सूत धरल्यागत हायेत," ती म्हणाली. मग आत गेली आणि देव्हाऱ्यातून किल्ली घेऊन आली. किल्लीचं कुंकू तिने पदराने पुसलं.

बीडच्या मैदानावर परीक्षा घेणारे अधिकारी गाडीसमोर उभे राहिले आणि बराच वेळ बंपर बघत होते. "हे कुणी शिवलं?" "मी." "आणि चालवणार कोण?" "मीच." आठाच्या आकड्यातून तिने गाडी एकदाही न थांबवता काढली. कुंपणाबाहेर साडू इतर परीक्षार्थींना बॉनेटची फट कशी सारखी ठेवायची ते समजावत होते. आक्का उत्तीर्ण झाल्याचं त्यांना मी जाऊन सांगितलं. "सांगताय काय," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसू लागले. तो बराच वेळ पुसला.

येताना मी मागे बसलो होतो, साडू पुढे डावीकडे, त्यांच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला. त्यांच्या पायाजवळ ब्रेक नव्हता, तरी पाय दाबलेला होता. नेकनूर मागे पडलं. पहिल्या फाट्याशी आक्काने वेग कमी केला. रस्ता दूरवर मोकळा होता आणि तिने तो आधीच बघितला होता.

"तुमच्या बाजूनं काय येतंय का हो?"

साडूंनी काच खाली केली, मान बाहेर काढली, आणि उत्तर चुकलं तर पूर्ण वर्गाचं नुकसान होईल अशा काळजीने बघितलं.

"काय न्हाई. घे."

दुसऱ्या फाट्याला तिने पुन्हा विचारलं. तिथून घरापर्यंत आणखी तीन फाटे लागतात. शेवटचा म्हणजे नुसती गाडीवाट, एका पडीक रानात जाऊन संपणारी. त्या वाटेने कुणी येताना मी कधी पाहिलेलं नाही. तिथेही तिने गाडी पूर्ण थांबवली, विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत थांबून राहिली.