बाळंतीण कावळी

“गप्प माणसाचा तिला संशय येतो हो, वहिनी,” मासेवाली मावशी परसदारी आईला सांगत होती.

ती म्हणजे आमच्या आंब्यावरची कावळी. थंडीत ती माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही; मे महिन्यात घरट्यात पिल्लं झाली की थेट माझ्या डोक्यावर चोच मारते. मावशी मात्र टोपली उतरवते, कमरेवर हात ठेवून “काय गो बाळंतिणी, झोप लागली?” विचारते आणि बांगड्याचं डोकं वर भिरकावते. तिला कावळी काही करत नाही.

आज माझा इंटरव्ह्यूचा कुर्ता दोरीवर, नेमका घरट्याखाली होता. मी उंबऱ्यातच थांबले.

“अगो, बोल कायतरी तिच्याशी! इंटरव्ह्यूत पण अशीच उभी राहणारेस?”

मी घसा साफ केला. वर बघून म्हणाले, “मॅडम, मे आय कम इन?”