पालथ्या आत्याला वाचून दाखवलेला मधला भाग

अद्भुत कादंबऱ्यांची त्रयी हातात आली की पहिला भाग मी जेवणखाण विसरून वाचते आणि तिसऱ्यासाठी जीव टाकते. मधला भाग म्हणजे नुसती पायपीट, अशी कुरकुर मी आजवर शंभरदा केली असेल. गेल्या वर्षी असाच एक मधला भाग मला माझ्या आत्याला मोठ्यानं वाचून दाखवावा लागला.

आत्या केम गावची. तिचा एक डोळा काचबिंदूनं कधीच गेलेला. उरलेल्या डोळ्याचा पडदा सुटला, म्हणून सोलापुरात ऑपरेशन झालं. आत गॅसचा बुडबुडा सोडलाय, तो पडद्याला धरून ठेवेल, पण दहा दिवस पालथंच पडून राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. जन्मभर शेतात राबलेली बाई, दहा मिनिटं पडून राहील तर शपथ! मी तिला माझ्याकडंच ठेवून घेतलं आणि शेजारी पुस्तक घेऊन बसले.

पहिला भाग चार दिवसांत फस्त झाला. नद्यांना हाका मारणारी एक पोरकी मुलगी आणि तिच्या मागावर राजाचं सैन्य. आत्या उशीत तोंड खुपसून "पळ की गं!" म्हणून ओरडायची. घोटाळा एकच झाला. पहिलं प्रकरण संपलं असं मी म्हटलं मात्र, ती हात जोडून उठायला लागली. गावात पोथी ऐकायची सवय. अध्याय संपला की उठून पोथीला डोकं टेकायचं, हे अंगात भिनलेलं. मी तिचे खांदे दाबून धरले.

"आगं, तसंच पडून ऱ्हायलं तर पाप लागंल."

"आणि उठलीस तर डोळा जाईल!" मी खेकसले, आणि लगेच मलाच वाईट वाटलं. त्यानंतर प्रकरण संपल्याचं मी सांगेनाच. श्वास न घेता पुढचं वाक्य जोडून द्यायची.

मग दुसरा भाग सुरू झाला. मुलगी दलदलीत शिरली ती शिरलीच. पानामागून पान चिखल. लढाई नाही, जादू नाही, भेटायला माणूस नाही. त्या भागाच्या तिसऱ्या दिवशी वैतागून मी वीसेक पानं गाळली.

"तिचा पाय रुतला हुता न्हवं," आत्या म्हणाली, "त्यो कवा निघाला?"

मी काहीतरी थाप मारली.

"पोथीतली पानं गाळू न्हाईत. माघारी जा."

धुसफुसत मी माघारी गेले. पाय निघायला सहा पानं लागली. मुलगी पुढं जायची, थांबायची, पलीकडं काठ आहे की नाही याचा विचार करायची. आत्या तासभर हलली नाही. मग हळूच म्हणाली, "चालू दे तिला. येवडं चालतीय, म्हंजी कुटंतरी निघंल की."

आत्या किती घाबरलीय, हे इतके दिवस मला कळलंच नव्हतं. तिला पडून राहायला लावण्याच्या नादात मी ते विचारलंही नव्हतं. त्या दिवसापासून मी एक ओळही गाळली नाही.

दहाव्या दिवशी सकाळी शेवटचं पान आलं. मुलगी अजून दलदलीतच, समोर धुकं.

"मग?"

"संपलं."

"आसं मदीच सोडत्यात व्हय माणसाला?" आत्या भडकली. लेखकाला मीही मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. पण दहा दिवस निभावले होते, तेही त्याच्याच जिवावर.

दुपारी डॉक्टरांनी तिच्या डोळ्यापुढं हात हलवला. "कायतरी हलतंय," ती म्हणाली. बुडबुडा विरेपर्यंत नक्की काही सांगता येणार नाही, महिना-दीड महिना थांबा, असं ते म्हणाले.

परतताना रिक्षात तिचा हात धरून मी म्हटलं, "आत्या, तिसरा भाग आणते. आजच सुरू करू."

"नगं. त्यो मी माझा वाचीन. चौतीपतुर शिकल्याली हाय मी."

मी मान डोलावली. मग ध्यानात आलं, तिला ते दिसलं नसणार, आणि मोठ्यानं म्हटलं, "हो."