अंड्याचा बुधवार

तलासरीजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत हिरूबाय गेली बारा वर्षं खिचडी शिजवते. कागदावर ती मदतनीस. पण पोर ताट पुढे करतं तेव्हा ती आधी त्याचे डोळे बघते, मग डाव बुडवते. कुणी दुसऱ्यांदा मागितलं नाही तर कपाळाला उलटा हात लावते. या तपासणीत ती सहसा चुकत नाही. बुधवारी मात्र काही खरं नसतं, कारण बुधवारी उकडलेलं अंडं असतं.

मंगळवारी तापाने फणफणलेली पोरं बुधवारी ठणठणीत होऊन रांगेत उभी असतात. कांजिण्या आल्या तर निराळं: दाराला कडुलिंब लागतो, पोर घरी राहतं, देवीपुढे अंड्याचं काही चालत नाही. गालगुंडांच्या पाठीशी असा कोणी देव नाही.

म्हणून तर तिसरीतली रूपी त्या बुधवारी आईची ओढणी हनुवटीखालून घट्ट बांधून आली.

"थंडी वाजते," ती म्हणाली. ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं.

हिरूबायने गाठ सोडली. उजव्या कानाखाली लिंबाएवढी सूज. "एकाच बाजूला वाजते गं?"

पंगतीत पहिलीची पोरं एकमेकांच्या ग्लासातलं पाणी पीत होती. हिरूबायने रूपीला ओट्यावर वेगळं बसवलं. "गाल उठला की पाच दिवस घरी. शाळा नाय, खेळ नाय."

"आणि अंडं?"

हिरूबायने डाव खाली ठेवला. ती हेडमास्तर उमेश सरांकडे गेली.

"आजारी पोर घरी राहिलं तर त्याचं अंडं मी घरी नेऊन देणार."

"बाई, आहार शाळेतच द्यायचा, असा नियम आहे."

"मग तिच्या शेजारी तुम्ही बसा जेवायला."

सरांना लहानपणी गालगुंड झाले नव्हते. परवानगी लगेच मिळाली.

सोमवारी रूपीचा दुसरा गाल उठला, म्हणजे मुक्काम वाढला. आणि पुढच्या बुधवारी शाळेत आणखी नऊ पोरं गैरहजर. "साथ आली," सर हळूच म्हणाले. हिरूबाय अंड्यांचा डबा घेऊन निघाली.

पोटदुखीचा बाळ्या चिंचेच्या शेंड्यावर सापडला. तापाचे दोघे ओहोळात खेकडे धरत होते.

"उतर. पोट बघते."

"आता बरं वाटतं, बाय."

"मग अंडं शाळेत. ताटात."

असे एकेक करून नऊ रुग्ण बरे झाले आणि डब्यामागे चालू लागले. रूपीच्या अंगणाच्या कडेला हिरूबायने सगळ्यांना थांबवलं. "पुढं पाऊल टाकलं तर खरंच आजारी पडाल."

रूपी उंबऱ्याच्या आत बसली होती, दोन्ही गाल सारखे. "मला कंटाळा आला. उद्या येते शाळेत."

हिरूबायने अंडं पेजेत कुस्करलं आणि वाडगा तिच्यापुढे ठेवला. "चावायचं नाय, गिळ. आणि ते बघ कोण आलंय."

रूपीने बघितलं. नऊ जण वाडग्याकडे टक लावून उभे होते. ती अंगणाकडे तोंड करून नीट मांडी घालून बसली.

"अजून किती दिवस राहायचं घरी?" तिने विचारलं, आणि पहिला घास शक्य तितका सावकाश तोंडात घातला.