राईचं पीठ

नाशिकचा मे, दुपारचे तीन. ओट्यावर पीठ झाकून ठेवलंय आणि मी तिथेच गार फरशीवर, डोक्याखाली हात घेऊन आडवी झाले आहे. पंख्याचा आवाज हळूहळू लांब जातो.

पीठ फुगत नाहीये. उद्या माझ्या सासूबाईंना, आइलींना, जाऊन वर्ष होईल. फिनलंडमध्ये सहा वर्षं मी त्यांच्याजवळ राहिले. त्यांचा मुलगा एसा, माझा नवरा, त्यांच्या हातच्या काळ्या, आंबट पावावर वाढला. तो पाव राय नावाच्या धान्याचा असतो. उद्या मला तोच भाजायचा आहे.

डोळे मिटतात आणि मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे उभी असते.

"रायचं पीठ आहे?"

"राईचं? ताई, मोहरीचं पीठ खातं का कुणी? लोणच्याला डाळ देतो, न्या."

हे मागच्या महिन्यात खरंच घडलंय. पण आता वाण्यामागे आइली उभ्या आहेत, निळा एप्रन बांधून, खुदकन हसत. आम्ही बाहेर पडतो तर रस्त्यावर बर्फ. शेजारच्या पिठाच्या गिरणीत शिरते, ते त्यांच्या फिनलंडमधल्या कुओपिओ शहरातल्या स्वयंपाकघरात.

"मिळालं का शेवटी?" त्या विचारतात. मराठीत. मला त्याचं काहीच वाटत नाही.

"पुण्याच्या एका बेकरीवाल्याकडे, दोन किलो. त्याआधी नाचणी घालून पाहिली."

"रंग छान येत असेल."

"रंगच येतो."

मग मला राहवत नाही. "आई, पाव फुगवायला तुम्ही दिलेलं आंबवण मेलं. तुमच्या आजीपासूनचं. इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात बुरशी आली, मी मोरीत ओतलं. तुम्ही फोनवर विचारायचात आणि मी म्हणायचे, छान आहे. एसालाही सांगितलेलं नाही."

आइली हातातलं पीठ उलटून मळतात.

"माझंही मेलं होतं," त्या म्हणतात. "दोनदा. एसा पोटात होता तेव्हा, आणि त्याचे वडील गेले त्या हिवाळ्यात. शेजारणीकडून वाटीभर आणलं."

"आणि आजीचं म्हणून सांगितलंत?"

"शेजारणीलाही आजी होतीच की."

मला हसू येतं, पण डोळ्यांतून. खिडकीबाहेरचं गोठलेलं तळं गोदावरीसारखं वाहायला लागलंय.

"आता कशाचं लावलंस?"

"खालच्या काकूंच्या डोशाच्या पिठाचं."

"म्हणजे शेजारणीचंच. मग घाई कसली?" त्या माझा हात धरतात, तळव्याची कड पिठात दाबतात. एकदा उभी, एकदा आडवी. "झोपू दे त्याला."

"ऊर्मिला."

पाच वाजून गेलेत. एसा ओट्यापाशी उभा आहे, हातात फडकं. पीठ टोपाच्या काठाला आलंय आणि त्यावर खोल फुली आहे.

वर्षभर त्याने आईचा विषय काढलेला नाही. आता तो हळूच म्हणतो, "आई अशीच दाबायची. कधी केलीस?"

मी उठायला हात टेकते. करंगळीपासून मनगटापर्यंत पीठ लागलंय. अजून ओलं आहे.