वासाची तक्रार

माझा मुलगा परदेशात, बर्फाच्या गावात राहतो आणि तिथून मला बदनापुरात थंडी वाजते म्हणून काळजी करतो. एका डिसेंबरात मोबाइलवर बोलताना त्यानं माझ्या डोक्याला मफलर आणि अंगावर दोन शाली बघितल्या. झालं! "आई, तुझ्या घरात गॅसचा हीटर बसवायचा. मी सगळं बघतो, तू फक्त हो म्हण."

मी म्हणाले, "अरे बाबा, संक्रांत झाली की थंडी पळते. दीड महिन्यासाठी कशाला ही थेरं?" पण तो माझ्यावरच गेलाय, ऐकायचं नाही म्हणजे नाही. त्याच्याकडं मी एका हिवाळ्यात राहून आले होते. तिथं बैठकीच्या भिंतीतच काचेमागं गॅसचा जाळ. बटण दाबलं की पेटला, दाबलं की विझला. धूर नाही, राख नाही. मुलगा आणि सून सकाळी कामावर जायचे आणि मी दिवसभर त्या जाळासमोर बसून असायची. आपल्याकडं शेकोटीला चार माणसं आपोआप जमतात, काही नाही तर कुणाच्या तरी सुनेच्या चहाड्या होतात. तिथं जाळ होता आणि मी होते. हिवाळा संपायच्या आत मी परतीचं तिकीट काढायला लावलं.

परत आले ती याच घरात. हे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणजे पस्तीस वर्षं "गप्प बसा" म्हणून ओरडले. आता घर इतकं गप्प बसायचं की मीच कुकरशी बोलायला लागले होते. आमच्या कॉलनीतले लोक सकाळच्या गाडीनं कुणी जालन्याला, कुणी संभाजीनगरला कामाला जातात. दिवसभर कॉलनीत मी आणि कुत्री.

तर हीटर आला. जालन्याच्या एका दुकानातून, आणि सोबत तो बसवणारा फिटर. चाळिशीचा माणूस, मोटारसायकलवर मागं ड्रिल मशीन बांधलेलं. आल्या आल्या त्यानं पूर्ण घर फिरून बघितलं आणि मी ठरवलेली जागा साफ नाकारली.

"इथं न्हाई बसणार, मॅडम. वर पडदा हाय."

"पडदा काढते की."

"आज काढसान, दिवाळीला नवा लावसान. भिंत बदला."

मला आधी रागच आला. माझ्या घरात मला शिकवतो! पण माणूस कामाचा पक्का होता. सिलिंडर त्यानं मागच्या ओसरीत ठेवायला लावला, तिथून भिंतीतून तांब्याची नळी आत घेतली. जळालेली हवा बाहेर जायला भिंतीला वेगळं भोक पाडलं, त्यात धुराडं बसवलं, आणि धुराड्याच्या तोंडाला जाळी लावली, चिमण्यांनी घरटं करू नये म्हणून. मग एका वाटीत साबणाचं पाणी केलं, पिशवीतून दाढीचा ब्रश काढला आणि प्रत्येक जोडाला फेस लावून डोळे बारीक करून बघत बसला. फुगा आला तर गळती. एकही फुगा आला नाही.

"हीटरच्या खालची हवेची जाळी कधी झाकायची न्हाई. समोर कपडे वाळू घालायचे न्हाईत. झोपताना सिलिंडरवरून बंद. जाळ निळा पाहिजे. पिवळा दिसला, काजळी दिसली, डोकं जड झालं, की बंद करून दार उघडायचं अन् मला फोन. वर्षातून एकदा मी येऊन साफ करून जाईन."

"आणि वास आला तर?"

"तर काहीच पेटवायचं न्हाई, लाइटचं बटण बी दाबायचं न्हाई. बाहेर येऊन फोन करायचा. वासाची तक्रार आली की आम्हाला त्याच दिवशी यावं लागतं. घास हातात असला तरी ठेवून. दुकानाचा नियमच हाय तसा."

हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं. तेव्हा कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं, देवाशप्पथ.

दुपार झाली होती. मी भरीत-भाकरी केली होती, त्याला बळेच बसवलं. तो आधी नाही नाही म्हणाला, मग तीन भाकरी खाल्ल्या. खाता खाता बोलला. घरी अम्मी आहे, तिचे गुडघे गेलेत. दोन मुली, थोरली गणितात कच्ची. मी म्हणाले, गणित कच्चं नसतं, मास्तर कच्चा असतो. तो इतका मोठ्यानं हसला की भांड्याच्या मांडणीपर्यंत आवाज गेला. जाताना मॅडमची मावशी झाली होती.

हीटर उत्तम चालायचा. तक्रारीला जागाच नाही. संध्याकाळी पेटवायचा, समोर खुर्ची टाकायची आणि गुडघे शेकायचे. गुडघे थांबले दुखायचे. पण पुन्हा तेच, जाळ आणि मी. दहाव्या का अकराव्या दिवशी सकाळी मी दुकानात फोन लावला आणि म्हणाले, "जरा वास आल्यासारखा वाटतोय."

तो तासाभरात हजर. ब्रश काढला, फेस लावला, सगळे जोड बघितले. "काहीच न्हाई, मावशी. पण फोन केला ते बराबर केलं. अंगावर काढायचं न्हाई." चहा झाला, पोहे झाले, थोरलीच्या अपूर्णांकांची चर्चा झाली. त्या दिवशी मला दुपारची झोप छान लागली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा वास. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. मी वासाच्या आदल्या दिवशी शेंगदाण्याचे लाडू करून ठेवायला लागले, आता बोला! तिसऱ्या वेळी मात्र फेस लावताना त्यानं माझ्याकडं वळून बघितलं. "मावशी, खरंच वास आल्ता?" मी म्हणाले, "म्हणजे काय, मी खोटं बोलते का?" शाळेत पोरांवर ओरडायचे तसा आवाज चढवला. तो खाली मान घालून पुन्हा ब्रश फिरवायला लागला. मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. आता याला संशय आला. पुढच्या वेळी हा फोनवरच वाटेला लावेल.

म्हणून चौथ्या वेळी मी ते केलं. ह्यांच्या हत्यारांच्या डब्यातून पक्कड काढली आणि ओसरीतल्या नळीचा पितळी नट पाव फेरा ढिला केला. सिलिंडर बंद करूनच केला, उघड्या ओसरीत केला, म्हणजे काही होत नाही, अशी माझी अक्कल. तो येईल, सिलिंडर चालू करेल, फेस लावेल, फुगा येईल. बघ, मी खोटं बोलत नव्हते! आणि नट आवळून तो चहाला बसेल.

तो आला. सिलिंडर चालू केला आणि फेस लावायच्या आधीच वास सुटला. त्यानं झटकन बंद केला आणि भिंतीकडं बघितलं. भिंतीपलीकडं देवघर, खिडकी उघडी, आत सकाळचा दिवा तेवत होता. तो तसाच पायातल्या बुटांसकट आत धावला आणि दिवा फुंकून विझवला. दिवा असा तोंडानं फुंकून आमच्या घरात कधी कुणी विझवला नव्हता. परत आला तो सरळ जोडापाशी बसला.

"माझ्या हातचं फिटिंग गळत न्हाई, मावशी," तो म्हणाला. "मी सोता आवळलं होतं. तीनदा बघून गेल्तो." त्यानं नट आवळला, पुन्हा पुन्हा फेस लावला. फुगा येईना, तरी लावतच राहिला. मग दुकानाच्या कागदावर त्यानं स्वतःच्याच हातानं लिहिलं, 'जोडातून गळती'. मी खाली सही केली. चहा न घेता गेला.

आठ दिवस मी थांबले. मग फोन केला, म्हणाले जाळ जरा पिवळा दिसतोय. आला तो दुसराच, गालात काहीतरी कोंबलेला. मी विचारलं, नेहमीचा कुठं गेला?

"त्याला बंद केलं कामावरून. तुमच्याच घरची गळती निघाली ना? चार तक्रारी एकाच घरच्या, चौथीला सापडली. मालक म्हणले, ज्याचं फिटिंग गळतं त्याच्या हाती लोकांचे जीव द्यायचे न्हाईत. बाकीच्या दुकानांत बी कळलंय आता. कोण घेतंय?" आणि हीटरकडं बघून म्हणाला, "जाळ तं निळाच हाय."

त्याच्या पाठीमागं दार लावलं आणि मी तिथंच खाली बसले. काय करून बसले मी! त्या माणसाचं गणित मी चुकवलं होतं, आणि चुकीचं उत्तर त्याच्या नावावर लिहून सही केली होती. पहिल्यांदा वाटलं, फोनवर सांगून टाकू. मग वाटलं, फोनवर कोण विश्वास ठेवणार, म्हातारी दया दाखवतेय म्हणतील. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. गावात कळलं तर? मुलाला कळलं तर? तो म्हणेल, आई आता एकटी राहायच्या लायकीची नाही, आणि मला त्या काचेमागच्या जाळासमोर नेऊन बसवेल. दोन दिवस मी अशी घरात फिरले. तो माणूस आणखी दोन दिवस घरी बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी पक्कड पिशवीत टाकली आणि सकाळच्या गाडीनं जालन्याला गेले.

दुकानात गर्दी होती. कुणी शेगडी घ्यायला आलेलं, कुणी रेग्युलेटर बदलायला. मी मालकाला म्हणाले, "तुमच्या फिटरची चूक नाही. नट मी ढिला केला."

मालक हसला. "मावशी, तुमचं मन मोठं हाय. पण हा जीवाचा मामला हाय, असं पाठीशी घालू नका."

मी पक्कड काढून त्याच्या टेबलावर ठेवली. "हिनं केला. पितळ मऊ असतं, दातांच्या खुणा उमटल्यात. माणूस पाठवा आणि बघा. पहिल्या तीन तक्रारीही खोट्या होत्या."

आता तो हसायचा थांबला. "कशापायी पण?"

दुकानातल्या बायका माझ्याकडं बघत होत्या. त्यातली एक माझी विद्यार्थिनीही असेल, कुणी सांगावं. मी म्हणाले, "माणूस यावं म्हणून. वासाची तक्रार केली की त्याच दिवशी माणूस येतं."

एका बाईनं स्टूल पुढं सरकवलं, मी बसले नाही. मालकानं खुणा बघायला माणूस पाठवतो म्हणून सांगितलं आणि मला इतकं झापलं की शाळेत मीही कुणाला तसं झापलं नसेल. स्फोट झाला असता, घर गेलं असतं, शेजार गेला असता. सगळं बरोबर होतं. मी उभी राहून ऐकून घेतलं.

चार दिवसांनी तो आला. त्याला कामावर परत घेतलं होतं आणि पहिलंच काम माझ्या घरचं दिलं होतं, खुणा पडलेला नट बदलायचं. मी दारातच हात जोडले. तो म्हणाला, "असू द्या," आणि सरळ ओसरीत गेला. जुना नट काढला, नवा बसवला, फेस लावला, सगळी नळी पहिल्यापासून तपासली. चहा मी पुढं केला तो कट्ट्यावर तसाच राहिला.

मग सामान भरता भरता म्हणाला, "तीन दिवस अम्मी जेवली न्हाई, मावशी. तिला वाटलं, माझ्या हातून कुणाचा तरी जीव गेला अन् मी तिला सांगून न्हाई राह्यलो."

मी विचारलं, "मी नुसतं ये म्हणाले असते, काम नाही, तक्रार नाही, चहाला ये म्हणून, तर आला असतास का रे?"

तो पिशवीची चेन लावत थांबला. विचार केला त्यानं, उगाच तोंडावर येईल ते बोलला नाही. "न्हाई, मावशी," तो म्हणाला. "एखादवेळी येतो म्हणलो असतो. पण नसतो आलो."

खरं होतं ते. मला आधी त्याचा राग आला, मग रडू फुटलं, आणि परक्या माणसासमोर मी पदर तोंडाला लावून पोरासारखी रडले. तो जवळ आला नाही. मोटारसायकलची किल्ली हातात घेऊन माझं रडणं थांबेपर्यंत ओसरीत उभा राहिला, आणि मग गेला.