पाचवा मुद्दा

आई-बाबा वेगळे होणार हे ठरलं तेव्हा मी आठवीत होते, बहीण बालवाडीत. आम्ही दोघी आईबरोबर कशेळ्याला मामाकडे राहत होतो, बाबा नेरळच्या नव्या फ्लॅटमध्ये. कर्जतच्या वकिलांनी संमतीचा कागद करून दिला. तीन पानं, सगळी इंग्रजीत. आई त्यांना अर्थ विचारणार होती, पण मामाने कागद घडी करून खिशात घातला.

"घरात इंग्लिश मीडियमची पोरगी हाय नि वकिलाला काय इचारतेस? मग शिकवली कशाला तिला?"

संध्याकाळी मला ओटीवर वाचायला बसवलं. आई समोर तांदूळ निवडत होती. बहीण माझ्या मांडीला टेकलेली. मी एकेक मुद्दा वाचून मराठीत सांगत गेले. दागिने परत मिळणार. एकमेकांवर तक्रारी करायच्या नाहीत. पाचवा मुद्दा म्हणजे अर्धं पान भरून एकच वाक्य. असं इंग्रजी शाळेत कधी पाहिलं नव्हतं. त्यात बहिणीचं नाव होतं, शाळा होती, सुट्ट्या होत्या. मी तो मनात दोनदा वाचला.

"आडलं काय गं?" मामाने विचारलं.

"नाही."

"मग सांग की. पोरींचं काय लिवलंय?" आई म्हणाली.

"आम्ही तुझ्याकडे. सुट्टीत बाबांकडे जायचं."

मला कळलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. मामाकडे बघून ते तोंडातून निघेना.

"ताई, म्हंजे मी इथंच ना?" बहिणीने विचारलं.

"इथंच."

शेवटच्या तारखेपर्यंत ती हे पुन्हा पुन्हा विचारत राहिली आणि मी तेच सांगत राहिले. कोर्टात साहेबांनी अटी मान्य आहेत का विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "हो. मुलीनं वाचून दाखवल्यात."

जूनमध्ये बाबा रिक्षा घेऊन आले. धाकटी शाळेसाठी त्यांच्याकडे राहणार, सुट्टीत आईकडे येणार, असं त्या वाक्यात होतं. बहिणीने माझा कुर्ता धरून ठेवला होता. "ताई, तू सांगितलंवतंस," एवढंच म्हणाली. तिची बोटं बाबांनी एकेक करून सोडवली. मी हात लावला नाही.

नंतर अर्ज झाला, तारखा पडत गेल्या. तोवर ती तिकडच्या शाळेत रुळली, आणि आता हलवू नये असं ठरलं.

आई अजून वकिलाला शिव्या घालते. "कागद मागनं बदलला मेल्यानं. माझ्या पोरीनं नीट वाचला व्हता." शेजारणींनाही हेच सांगते. मी ताटं घ्यायला आत जाते.

बहीण आता सहावीत आहे. या दिवाळीत चार दिवस आली होती. मला काही विचारत नाही. निघायच्या दिवशी मी तिची बॅग भरायला गेले.

"राहू दे," ती म्हणाली. "मी बाहेर काही काढलंच नव्हतं."